दोन पट्ट्या खाली

समाधान ओव्हाळ यांनी बायकोच्या कीबोर्डला सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर लावला आणि आतून 'फट्' असा आवाज आला. आवाज लहानच होता, वाळलेली शेंग फुटावी एवढा. मागोमाग धुराची एक बारीक रेघ वर आली, आणि जळक्या वायरीचा वास. तो वास ओळखायला ओव्हाळांना कुणाची मदत नको होती. खडकीच्या कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून काढली होती. दाबाचे आणि तापमानाचे काटे तपासायचे, चुकत असतील तर सरळ करायचे, हे त्यांचं काम. "पिन बसली म्हणजे व्होल्टेज जुळलं असं होत नाही," हे वाक्य त्यांनी हाताखाली आलेल्या प्रत्येकाला ऐकवलं होतं. आज पिन अगदी छान बसली होती.

कीबोर्ड हिराचा. हिरा जाऊन अकरा महिने झाले होते. बोपोडीच्या प्रज्ञाज्योत महिला गायन पार्टीत ती सोळा वर्षं गायली, आणि गाता गाता हा कीबोर्डही तिनेच वाजवला. जयंती असो, बारसं असो, कुणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन असो, बोलावणं आलं की कीबोर्ड खांद्याला अडकवून ती निघायची. या सोळा वर्षांत ओव्हाळ तिच्या एकाही कार्यक्रमाला गेले नव्हते. आधी कारखान्यात पाळी असायची. पाळी नसली तर दुसऱ्या दिवशी पाळी असायची. निवृत्तीनंतर कारण उरलं नाही, पण तोवर न जाण्याची सवय पक्की झाली होती. ती परत आली की दार उघडायचं आणि "जेवलीस का?" विचारायचं, एवढाच त्यांचा गाण्याशी संबंध.

त्या दिवशी सकाळी पार्टीच्या म्होरक्या मथुराबाई घरी आल्या होत्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, आणि बोलताना समोरच्याचं मनगट धरून ठेवायची सवय असलेल्या.

"भाऊ, हिराचा पहिला स्मृतिदिन पुढल्या म्हैन्यात हाय. विहारात करायचा. आम्ही गाणार."

"गा की."

"गा की म्हंजी? ती गेल्यापासनं पार्टी बसलीच नाय. कुणाचा जीवच व्हईना. पण तिच्यासाठी बसायचं. कीबोर्ड हाय ना चालू?"

"आहे."

"नसंल तर सांगा. लग्नात वाजवतो त्यो भाड्याचा माणूस आणू."

"भाड्याचा कशाला?" ओव्हाळ जरा जोरातच म्हणाले. "तिचाच वाजेल."

कीबोर्डचं कव्हर आपण अकरा महिन्यांत उघडलेलंच नाही, हे सांगायचं तेवढं राहिलं. मथुराबाई गेल्या तसा त्यांनी तो पलंगाखालून ओढला. त्याचा अडॅप्टर काही सापडेना. सेट-टॉप बॉक्सचा मात्र डोळ्यांसमोर लोंबत होता.

कासिमभाईंचं दुकान खडकी बाजारात आहे. अँप्लिफायर, माईक, कीबोर्ड, जे जे गातं ते आजारी पडलं की तिथे जातं. कासिमभाईंनी कीबोर्ड उघडला, आत नाक घालून वास घेतला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"ओव्हाळसाहेब, अडॅप्टर कुठला लावला होता?"

"अडॅप्टरचा काय संबंध? आपोआप बंद पडला."

"आपोआप," कासिमभाई मान डोलवत म्हणाले. "बरोबर आहे. माझ्याकडे सगळे आपोआपच येतात."

तासाभराने त्यांनी निदान सांगितलं. आवाज काढणारी आयसी जळाली होती. ती आता मिळत नाही. छोटा पडदाही गेला होता. "लेकिन पट्ट्या जिंदा आहेत," ते म्हणाले. "मागे हे गोल भोक दिसतं ना, मिडीचं? त्यातून अजून निरोप बाहेर येतोय."

"कसला निरोप?"

"कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली. आवाज नाही, नुसते नंबर. असं समजा, माणसाचा गळा गेलाय, पण काय गायचंय ते बोटांनी सांगतोय. त्याला दुसरा गळा पाहिजे. बाहेरून."

ओव्हाळांनी त्या भोकाला बोट लावून पाहिलं. शेवटचे चार दिवस हिराच्या घशात नळी होती, आणि ती बोटांनी काहीतरी सांगायची. पाणी हवंय? उशी? पंखा? लेकीला, दीक्षाला बोलावू? त्यांनी सगळं विचारून पाहिलं होतं. तिने दर वेळी नाही म्हणून मान हलवली होती.

"असा गळा मिळतो?" त्यांनी विचारलं.

"मॉड्यूल म्हणतात त्याला. तयार मिळतो, पण आजकाल लोक घरीच बनवतात. पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर येतो, त्यात आवाज भरायचे, मिडीची वायर जोडायची, झालं. तुमची मुलगी कॉम्प्युटरच्याच लाइनीत आहे ना?"

दीक्षा कोथरूडला राहायची आणि सॉफ्टवेअर कंपनीत काम करायची. फोनवर तिचा पहिला प्रश्न वेगळाच होता.

"पप्पा, मम्मीचा कीबोर्ड बिघडला कसा?"

"आपोआप."

"आणि टीव्ही का बंद आहे? मघाशी व्हिडिओ कॉलवर सेट-टॉप बॉक्सला अडॅप्टर दिसला नाही."

ओव्हाळांनी फोन या कानावरून त्या कानाला घेतला आणि तुझ्याकडे पाणी येतंय का, असं विचारलं.

रविवारी ती तो छोटा कॉम्प्युटर घेऊन आली. नुसती हिरवी पाटी, तिच्यावर चार-पाच भोकं. तिने त्यात आवाजांचा प्रोग्रॅम घातला, जुना स्पीकर जोडला, आवाजांची यादी आणि पट्ट्यांचे नंबर ओव्हाळांच्या मोबाइलवर दिसतील असं केलं, मिडीची वायर लावून दिली आणि, उरलेलं कोथरूडवरून करते, म्हणून गेली. ओव्हाळांनी कीबोर्डमध्ये नवे सेल घातले, वायर जोडली, तरी काही येईना. वायरीच्या एका टोकावर 'इन' लिहिलेलं होतं, म्हणून ओव्हाळांनी ते कीबोर्डच्या 'इन'मध्ये घातलं होतं. ते 'आऊट'मध्ये घालायचं असतं, हे कळण्यात एक दिवस गेला. "मग तसं लिहायचं ना," ते वायरीला म्हणाले.

आता आवाज आला. पण कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला ती उघडी पाटी बघवेना. धूळ बसेल, कुणाचा हात लागेल. तिला घर पाहिजे. स्वयंपाकघरात हिराचा पोळ्यांचा डबा होता, चांगला जाड स्टीलचा. घरात पोळ्या होत नव्हत्याच. कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून रोज तीन यायच्या, कागदात गुंडाळून. ओव्हाळांनी डब्याला मोजून चार भोकं पाडली, कडा कानशीने गुळगुळीत केल्या, पाटी आत बसवली आणि झाकण लावलं. इतकं सुबक काम त्यांनी निवृत्तीनंतर केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दीक्षाला कोथरूडवरून काहीच दिसेना. तिने वाय-फाय बंद-चालू करायला लावलं. ओव्हाळांनी बंद केलं, चालू केलं. राऊटर खिडकीत ठेवला. मग खुर्चीवर. मग फ्रीजवर. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "पप्पा, ते बोर्ड ठेवलंय कशात?"

"डब्यात."

"कसल्या डब्यात?"

"स्टीलच्या. पोळ्यांच्या."

"मम्मीच्या डब्याला भोकं पाडलीत?"

"चारच."

"पप्पा, स्टीलमधून वाय-फाय जात नाही. झाकण काढा."

त्यांनी झाकण काढलं.

"आलं. आता लावा."

त्यांनी लावलं.

"गेलं. मला आत यायचं असेल तेव्हा झाकण काढायचं. बाकी वेळ ठेवा तुमची धूळ बाहेर."

कनेक्शन जमलं, तर आवाज विचित्र. पहिली पट्टी दाबली की 'ढब्ब'. दुसरी दाबली की 'टिश्श'. तिसरीला काहीतरी पत्र्यावर पडल्यासारखं. त्यांनी एका बोटाने ओळीने सगळ्या पट्ट्या वाजवून पाहिल्या तर वरातीचा टेम्पो जिना चढून वर येतोय असं वाटलं. दीक्षाने सांगितलं की मिडीमध्ये सोळा वाटा असतात आणि दहावी वाट फक्त ढोल-ताशांसाठी राखीव असते. कीबोर्ड नेमका दहाव्या वाटेने येतोय. तिने वाट बदलली.

मग हार्मोनियम शोधायची होती. यादीत आवाज एकशे अठ्ठावीस, आणि हार्मोनियम नाही. ओव्हाळ यादीत उड्या मारणाऱ्यांतले नव्हते. ते एकापासून सुरू झाले आणि प्रत्येक आवाज ऐकून वहीत शेरा लिहीत गेले. एकविसाव्याला त्यांनी लिहिलं, 'जवळपास पेटी'. तिथे थांबता आलं असतं, पण तपासणी अर्धी सोडायची नसते. एकशे पंचवीस म्हणजे टेलिफोनची घंटा. शेजारचे बाबुराव आपला फोन शोधत बाहेर आले. एकशे सव्वीस म्हणजे हेलिकॉप्टर. बाबुराव गॅलरीतून वर बघायला लागले. एकशे अठ्ठावीस म्हणजे बंदुकीची गोळी. बाबुराव दारूगोळ्याच्या विभागातून निवृत्त झालेले. त्यांनी त्यानंतर चार दिवस गॅलरीचं दार उघडलं नाही.

तालमीला पार्टी घरीच आली. मथुराबाई आणि पाच जणी. कीबोर्डवर अक्षता बसली. ती पार्टीतली सर्वांत लहान. हिराने तिला आपली बोटं शिकवली होती. जिथे हिरा बसायची तिथे बसताना तिने आधी जमिनीला हात लावला. सगळ्या शांत झाल्या. अक्षताने पहिली पट्टी दाबली आणि डब्यातून टाळ्यांचा कडकडाट झाला.

हजारभर माणसांच्या टाळ्या. बायकांनी दचकून मागे पाहिलं.

"कोण आलं?" मथुराबाई म्हणाल्या.

"कोणी नाही, एकशे सत्तावीस नंबर राहिला वाटतं," ओव्हाळ धावत डब्याकडे गेले. "गोळीनंतर मी एक मागे आलो होतो."

"ऱ्हाऊ द्या, भाऊ. असं कधी झालं नव्हतं. आधी टाळ्या, मग गाणं." मथुराबाई हसल्या, मग पदराने डोळे टिपायला लागल्या. "हिराला लई आवडलं असतं."

एकवीस नंबर लागला आणि बायका गायल्या. ओंजळीत माझ्या आलं तळ्याचं पाणी, हे हिराचं ठरलेलं पहिलं गाणं. स्वतः हिरानेच रचलेलं. गाणं संपलं. "अगदी शेजारी बसल्यागत वाटली," मथुराबाई एवढंच म्हणाल्या.

ओव्हाळांना मात्र गाणं नीट ऐकू आलं नव्हतं. ते झाकण काढून मोबाइलच्या पडद्यावरचे नंबर बघत होते. दीक्षाने त्यांना एक तक्ता दिला होता. त्यात कुठल्या पट्टीचा कुठला नंबर ते लिहिलं होतं. मधल्या 'पांढरी एक' या पट्टीला साठ यायला हवा होता. येत होता अठ्ठावन्न. त्यांनी बायका गेल्यावर प्रत्येक पट्टी तपासली. सगळ्या दोनाने कमी. एकही सुटली नव्हती.

त्यांनी दीक्षाला फोन लावला. "कीबोर्ड चुकतोय."

"मथुराआजींनी तर मला रडत फोन केला, इतकं छान झालं म्हणून."

"साठच्या जागी अठ्ठावन्न दाखवतोय."

"पप्पा, चाललंय ना? मग हात लावू नका. आमच्याकडे पहिला नियम हाच आहे."

"तुमच्याकडे असेल. आमच्याकडे चुकणारा काटा दुसऱ्याच्या हातात देत नाहीत."

हिराच्या ट्रंकेत गाण्यांच्या वह्यांखाली कीबोर्डची माहितीपुस्तिका निघाली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की टोकाच्या दोन पट्ट्या दाबून धरून बटण चालू केलं, तर आतलं साठवलेलं सगळं पुसलं जातं आणि यंत्र कारखान्यातून निघालं तसं होतं. 'कारखान्यातून निघालं तसं' हे शब्द त्यांना पटले. त्यांनी दोन पट्ट्या दाबल्या, बटण चालू केलं. मग मधली पट्टी दाबून मोबाइलच्या पडद्याकडे पाहिलं. साठ.

त्यांनी वर-खाली सगळ्या पट्ट्या तपासल्या. एकूण एक बरोबर. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच आपल्या हातून काहीतरी दुरुस्त झालं, असं त्यांना वाटलं. त्यांनी झाकण लावलं, वाटेत हलू नये म्हणून चार बाजूंनी चार स्क्रू पिळले, आणि पोटभर जेवले.

स्मृतिदिनाला विहार भरला होता. पांढरे कपडे, हिराच्या फोटोला हार, मेणबत्त्या. भन्तेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं, धम्माविषयी थोडं बोलले. बाबुराव बोलले. मग पार्टी बसली. ओव्हाळ बाजूला डबा मांडीशी घेऊन, दीक्षा त्यांच्या मागे लॅपटॉप घेऊन. कासिमभाईही आले होते. मागच्या रांगेत हात बांधून उभे होते.

अक्षताने सूर दिला. मथुराबाईंनी मान वाकडी करून तो ऐकला, कपाळाला आठी घातली, पण गाणं सुरू केलं. पहिली ओळ कशीबशी गेली. दुसरीला शिरा ताणल्या. अंतऱ्यात सूर चढला आणि तिथे मथुराबाईंचा आवाज फाटला. सावरून पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. मागच्या दोघी तर नुसत्या ओठ हलवत होत्या. मथुराबाईंनी हात वर करून गाणं थांबवलं.

"भाऊ, ह्ये कुठल्या पट्टीत लावलंय?"

"बरोबर लावलंय," ओव्हाळ म्हणाले. "साठ आहे. मी स्वतः तपासलंय."

"मला साठ-बीठ कळत नाय. हिरा काळी पाचात गायची. ह्ये वर गेलंय."

"पण अक्षताने पांढरी एकच दाबली. तिथे पांढरी एकच वाजणार."

"अवो, तीच तर गंमत हाय." मथुराबाई त्यांच्याकडे वळून, जवळच्या माणसाला समजवावं तसं बोलायला लागल्या. "हिराची बोटं फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर बसायची. काळ्यांवर गेली की अडखळायची. पण गळा तिचा काळी पाचचा. मग तिनं काय केलं? पेटीलाच आतून दोन पट्ट्या खाली उतरवून ठेवलं. दाबायची पांढरी एक, वाजायची काळी पाच. एकदा लावलं ते सोळा वर्सं तसंच. आम्ही समद्या तिच्या गळ्यात गातो. तुमाला बोलली नाय कधी?"

बोलली असेल. दार उघडताना, पायातल्या चपला काढताना काहीतरी बोलायची ती. ते तेव्हा "जेवलीस का?" विचारत असायचे.

"दोन पट्ट्या खाली," ओव्हाळ म्हणाले. "म्हणजे अठ्ठावन्न."

"असंल."

"ती चूक नव्हती."

"कसली चूक?"

"मी पुसून टाकलं," ते म्हणाले. अक्षताच्या समोरचा माईक चालू होता. ते वाक्य सगळ्या विहाराला ऐकू गेलं. आता एकदा तोंड उघडलंच आहे तर, असं वाटून की काय, ते पुढे म्हणाले, "आणि कीबोर्डही आपोआप गेला नव्हता. चुकीचा अडॅप्टर मीच लावला."

"ते माहिती आहे," मागच्या रांगेतून कासिमभाई म्हणाले.

"मला पण," दीक्षा म्हणाली. तिने लॅपटॉप पुढे ओढला. तिचे डोळे भरले होते, पण बोटं चालू होती. "पप्पा, कीबोर्डमध्ये आता नाही, पण डब्यात दोन वजा करता येतील. एक मिनिटाचं काम आहे. झाकण काढा."

झाकणाला चार स्क्रू होते, आणि पक्के पिळलेले. कासिमभाईंनी खिशातला टेस्टर पुढे धाडला. ऐंशी माणसांसमोर, बायकोच्या फोटोखाली, ओव्हाळ पोळ्यांच्या डब्याचं झाकण उघडत बसले. आयुष्यभर ज्या हातातून स्क्रू कधी निसटला नाही, त्या हातातून तो दोनदा निसटला. भन्तेजी डोळे मिटून शांत बसले होते. भिंतीकडे बसलेल्या एका म्हातारीने शेजारणीला विचारलं, "जेवण इथंच वाढत्यात व्हय?"

चौथा स्क्रू निघाला.

"आलं," दीक्षा म्हणाली. काही कळा दाबल्या. "झालं. अक्षता, वाजव."

पांढरी एक दाबली गेली. सूर खाली उतरून, जरा जड होऊन बाहेर आला. सहाही बायकांचे खांदे एकदम सैल पडलेले ओव्हाळांना दिसले. मथुराबाईंनी पुन्हा पहिल्यापासून उचललं.

आता मोबाइलच्या पडद्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. ओव्हाळ हातात टेस्टर धरून ऐकत राहिले. आपल्याला हिराचं गाणं माहीत नाही, अशी त्यांची इतकी वर्षं समजूत होती. पण हे गाणं तर त्यांना पाठ होतं. भाकरी थापताना ती हेच म्हणायची, याच जड आवाजात, आणि अंतऱ्यापाशी आली की भाकरी तव्यावर टाकायची, म्हणून तिथे जरा थांबायची. पार्टीतल्या बायकाही अंतऱ्यापाशी नेमक्या तेवढ्याच थांबल्या. का थांबायचं ते त्यांतल्या एकीलाही माहीत नसावं. ओव्हाळांनी टेस्टर खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. दीक्षाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि गाणं संपेपर्यंत तो काढला नाही.

घरी आल्यावर ते म्हणाले, "तिने लावलेलं मात्र गेलं."

"पप्पा, सेम आहे. तेच वजा दोन."

"नंबर सेम आहे," ओव्हाळ म्हणाले. दीक्षाने चहा ठेवला.

आठवड्याने मथुराबाई पुन्हा आल्या आणि मनगट धरून बसल्या. देहूरोडला बारशाचा कार्यक्रम होता, त्यानंतर दापोडीला एक गृहप्रवेश. पार्टी आता बसणार होती. "पण त्या डब्यातलं तुमच्याबिगर कुणाला कळत नाय. एखाद टायमाला टाळ्याच वाजायला लागल्या म्हंजी?"

"दीक्षाला सांगतो, सोपं करून देईल."

"तिला कुठं वेळ? तुमीच चला."

ओव्हाळांनी नकार द्यायला तोंड उघडलं. ते पाळी आठवायला लागले. पाळी नव्हती.

तेव्हापासून ते पार्टीबरोबर जातात. रिक्षात पुढे बसून, डबा मांडीवर घेऊन. आतापर्यंत बावीस कार्यक्रम झाले. एकही चुकला नाही. मथुराबाई त्यांना उशीर झाला तर चारचौघांत बोलतात, आणि ते ऐकून घेतात. कासिमभाईंनी कीबोर्डसाठी बरोबर व्होल्टेजचा अडॅप्टर दिला आणि त्यावर लाल रंगाने 'हाच' असं लिहून ठेवलं.

परवा शनिवार पेठेतल्या एका हॉलमध्ये कार्यक्रम होता. हॉलचे व्यवस्थापक गृहस्थ कडक इस्त्रीचे, हातात किल्ल्यांचा जुडगा. स्टेजवर येऊन त्यांनी डब्याकडे पाहिलं.

"पोळ्यांचा डबा वर आणायची परवानगी नाही. खाण्यापिण्याची सोय तळमजल्यावर आहे."

"याच्यात आवाज आहे," ओव्हाळ म्हणाले.

"असं का? आमच्याकडे लोक आवाज घशात घेऊन येतात."

ओव्हाळांनी झाकण काढून दाखवलं. गृहस्थांनी वाकून पाहिलं, हं केलं आणि तिथेच रेंगाळले. कार्यक्रमाला अजून अवकाश होता. बायका मागे साड्यांच्या निऱ्या सारख्या करत होत्या. समोर खुर्च्या मांडलेल्या, बहुतेक रिकाम्या.

"या सगळ्या सांसारिक बायका दिसतात," गृहस्थ म्हणाले. "घरचं कोणी येत नाही का यांचं ऐकायला? मिस्टर वगैरे?"

"नाही येत."

"कमाल आहे. रविवार आहे आज. घरी बसून करतात काय?"

"काही नाही," ओव्हाळ म्हणाले. "मीही नव्हतो जात."

गृहस्थांना काय बोलावं ते सुचलं नाही. शनिवार पेठेत असं क्वचित होतं. त्यांनी जुडग्यातली एक किल्ली उगीच शोधून काढली, परत सोडली, आणि "बसा हं, तुमच्याकडचा पंखा लावतो," म्हणून बटणांच्या फळ्याकडे निघून गेले.